नाकी नऊ : नकट्या कुत्र्याचा थोडा इतिहास



विषयाचं नाव ऐकून काही जणांना गंमत वाटली असेल. तत्त्वज्ञानाचा मास्तर, जन्मभर ॲरिस्टॉटल शिकवत आला, आणि माण तालुक्यात येऊन कुत्र्याच्या नाकावर बोलणार! पण नाकालाही इतिहास असतो. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पेकिंगीज, शित्झू ही बसक्या तोंडाची कुत्री आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत, दहिवडी-म्हसवडपर्यंत येऊन पोचली आहेत. त्यांचं ते नाक रानात कुठल्याही कोल्ह्या-लांडग्याला सापडायचं नाही. ते माणसानं घडवलं. कधी घडवलं, कुणी, कशाच्या हौसेनं, हे बऱ्यापैकी सांगता येतं. आणि त्याची किंमत ते जनावर आज कशी मोजतंय, हेही सांगता येतं. आजचं व्याख्यान एवढ्यावरच.

सुरुवात इथल्याच कुत्र्यापासून करू. माणदेशातल्या धनगराच्या मेंढवाड्याकडे गेलात तर वाघरीच्या कडेला एक कुत्रं पडलेलं दिसतं. लांब तोंड, खोल छाती, पोट आत गेलेलं, पाय काठीसारखे. याच्याच नात्यातलं ते कारवानी कुत्रं, मुधोळकडे त्याला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची निगा राखली, इंग्लंडच्या पंचम जॉर्जला जोडी भेट दिली, हे तुम्हांला ठाऊक असेल. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळचं होतं. या कुत्र्याचं तोंड लांब का? सशामागं धावताना, लांडग्याच्या अंगावर जाताना हवा भसाभस आत घ्यावी लागते. ज्याला ती घेता आली नाही ते मागं पडलं, त्याची पिल्लं कुणी ठेवली नाहीत. इथं निवड केली ती कामानं. धनगरानं फक्त काम बघितलं.

आणखी एक कुत्रं सांगतो, साताऱ्याचं. संगम माहुलीला नदीकाठी छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. परंपरा अशी की शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून सावध केलं, म्हणून त्याला मान मिळाला, पालखीसुद्धा मिळाली. कथा जशीच्या तशी धरायची की नाही हा वेगळा प्रश्न. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खंड्याचा मान त्यानं जे केलं त्याबद्दलचा आहे. तो दिसायला कसा होता, हे परंपरेनं जपून ठेवावं असं कुणालाच वाटलं नाही.

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच. आणि तेही नाकावरचंच आहे.

सॉक्रेटिस नकटा होता, आणि त्याचे डोळे बटबटीत बाहेर आलेले होते. हे प्लेटोही सांगतो आणि झेनोफनही. झेनोफनच्या 'सिम्पोझियम'मध्ये एक मजेचा प्रसंग आहे. एका देखण्या तरुणाबरोबर सॉक्रेटिसची सौंदर्याची पैज लागते. सॉक्रेटिस आधी त्याच्याकडून कबूल करून घेतो, की जी वस्तू तिच्या कामाला नीट उपयोगी पडते ती सुंदर. मग म्हणतो, माझे डोळे बाहेर आलेत, म्हणून मला बाजूचंही दिसतं. माझ्या नाकपुड्या वर उघडलेल्या आहेत, म्हणून चहूकडचे वास येतात. तेव्हा तुझ्यापेक्षा मीच सुंदर. मतदान होतं आणि सगळी मतं त्या तरुणाला पडतात! लोक हसून सोडून देतात. मला मात्र यात खरी कसोटी दिसते. नाक सुंदर आहे की नाही, हे बघणाऱ्याच्या डोळ्याला विचारायचं, की त्या नाकाच्या कामाला?

ॲरिस्टॉटलही या नकटेपणावर अडखळला होता. 'मेटॅफिजिक्स'मध्ये तो पुन्हा पुन्हा एक उदाहरण घेतो. खोलगटपणा कशातही असू शकतो, ताटात, डबक्यात. पण 'नकटेपणा' हा नाकाचाच खोलगटपणा. नाक वगळून त्याची व्याख्याच करता येत नाही. आपल्याकडे पाणिनीनंही बसक्या नाकासाठीच्या शब्दांना वेगळं सूत्र दिलंय, आणि मराठीतला 'नकटा' हा शब्द घ्या, नाकाशिवाय तो उभा राहत नाही. व्याकरण बाजूला ठेवा. मुद्दा असा, की नकटेपणा हा वरून काढलेला आकार नाही, तो मांसाला चिकटलेला आहे. चित्रात नाक पुसून टाकलं तर कागदाला काही होत नाही. जिवंत डोक्यातलं नाक दाबलं की आतलं सगळं सरकतं. कुत्री पैदा करणाऱ्यांनी नेमकं हे विसरून काम केलं.

तर इतिहास. चीनच्या राजवाड्यांत आखूड नाकाची, मांडीवर मावणारी कुत्री कित्येक शतकं पाळली जात. त्यांतलीच काही डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेली आणि त्यांचा पग झाला. हॉलंडच्या राजघराण्याला त्याचा लळा होता. १६८८ नंतर तिसरा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला, त्याच्याबरोबर पग तिकडं रुळला असं सांगतात. आता पुरावा बघा. विल्यम होगार्थ नावाचा इंग्रज चित्रकार होता. १७४५ सालचं त्याचं स्वतःचं चित्र आहे, शेजारी त्याचा लाडका पग, नाव ट्रम्प. लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, कुणालाही मोबाइलवर बघता येईल. त्या पगला तोंड आहे! पुढं आलेलं, बऱ्यापैकी लांब थोबाड आहे. पाय उंच आहेत. आजच्या पगशेजारी ते चित्र ठेवलं तर जात एकच आहे हे पटायला वेळ लागतो. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी पग श्वास घेऊ शकत होता. चीनमधून आला तेव्हाच असा होता, हे म्हणणं अपुरं आहे. आखूड नाक तिकडून आलं, सपाट नाक नंतर झालं.

नंतर म्हणजे कधी? इथं बुलडॉगचा मार्ग समजून घ्यावा लागतो.

बुलडॉग हा बैलावर सोडायचा कुत्रा. खुंटाला बांधलेल्या बैलाच्या नाकाला त्यानं डसायचं, आणि लोकांनी पैजा लावायच्या. १८३५ साली ब्रिटिश पार्लमेंटनं प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्ध कायदा केला आणि हा खेळ बंद पडला. कायदा चांगलाच होता. पण त्याचा एक परिणाम कुणी योजलेला नव्हता. कुत्र्याचं काम गेलं. आणि काम गेलेल्या कुत्र्याचं करायचं काय? त्याला बघायचं.

बघण्याची सोयही लगेच झाली. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं. तिथं शिकारी जातींचीच कुत्री होती, पण प्रथा पडली. १८७३ साली लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. वंशावळीची नोंदवही आली. प्रत्येक जातीचं लेखी वर्णन आलं, त्याला 'स्टँडर्ड' म्हणतात. डोकं असं हवं, नाक असं हवं, सुरकुती अशी हवी. या लेखी वर्णनाची ताकद जबरदस्त असते, मंडळी. 'नाक आखूड असावं' असं लिहिलं, की पंच दोन कुत्र्यांतलं जास्त आखूड नाकाचं कुत्रं निवडतो. पुढल्या वर्षी त्याच्या पिल्लांतलं त्याहून आखूड. 'आखूड' या शब्दाला तळ नाही. लांडगा तोंडावर आला की धनगराच्या निवडीला आपोआप मर्यादा पडते, कारण दमलेलं कुत्रं तिथंच उघडं पडतं. प्रदर्शनाच्या रिंगणात कुत्र्याला चार पावलं चालायचं असतं. तेवढ्याला श्वास पुरतो.

बुलडॉगवाले एक कारण सांगतात, तुम्ही ऐकलं असेल. म्हणे नाक मागं आहे ते बैलाला धरून लोंबकळताना श्वास घेता यावा म्हणून. ऐकायला पटण्यासारखं आहे. पण बैलावर खरोखर सोडल्या जाणाऱ्या कुत्र्यांची त्या काळची चित्रं बघा, त्यांची तोंडं आजच्यापेक्षा कितीतरी लांब आहेत. नाक सपाट झालं ते बैल सुटल्यानंतर. कार्य झाल्यावर कारण शोधण्याची ही जुनी खोड आहे, तत्त्वज्ञानाच्या वर्गात दर वर्षी तिची गाठ पडते.

याच काळात चीनमधली दुसरी गोष्ट घडली, आणि तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. १८६० साली, दुसऱ्या अफू युद्धात, इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा बादशहाचा उन्हाळी महाल लुटला आणि जाळला. लुटीत पाच छोटी पेकिंगीज कुत्री मिळाली. एक कुत्री राणी व्हिक्टोरियाला नजर केली गेली. तिचं नाव काय ठेवलं असेल? 'लूटी'. ज्या 'लूट' शब्दावरून हे नाव पडलं तो इंग्रजीत आपल्याकडूनच गेलेला. आणि ज्या अफूपायी ही युद्धं झाली तिच्यातला मोठा वाटा माळव्याचा होता, होळकर-शिंद्यांच्या मुलखात पिकलेला, मुंबई बंदरातून चीनला गेलेला. लढायला गेलेल्या फौजेत हिंदी शिपाईही होते. तेव्हा ही सगळी साहेबाची भानगड, आपला काय संबंध, असं म्हणून मोकळं होता येत नाही. ती लूटी १८७२ पर्यंत जगली. तिच्यानंतर आखूड नाक ही विलायतेत मोठ्या घरची खूण झाली.

फ्रेंच बुलडॉगचं थोडक्यात सांगतो. नॉटिंगहॅमकडचे लेस विणणारे कारागीर यंत्रं आल्यावर फ्रान्सला गेले, जाताना छोटे बुलडॉग घेऊन गेले, पॅरिसात त्यांची फॅशन झाली. २०२२ च्या नोंदणीत हा कुत्रा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला. त्याआधी ३१ वर्षं तिथं लॅब्राडॉर होता.

आता एक प्रश्न उरतो. सपाट तोंड माणसाला आवडतं तरी का? कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९४३ साली एक मांडणी केली. मोठं डोकं, गोल कपाळ, मोठे डोळे, चिमुकलं नाक, गुबगुबीत गाल, ही तान्ह्या बाळाची ठेवण आहे आणि ती दिसली की आपल्याला माया फुटते. पगच्या तोंडात हे सगळं आहे. म्हणजे आपण त्याच्यात कुत्रं बघतच नाही, तान्हं मूल बघतो. माया खोटी नाही. पण ती ज्या चेहऱ्यावर जडते, तो चेहरा त्या मायेसाठीच दाबून दाबून सपाट केलेला आहे.

दाबल्यावर आत काय झालं ते आता बघू. डॉक्टरमंडळी सभेत असतील तर माझं बोबडं बोलणं सांभाळून घ्या.

कवटीचं पुढचं हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. जीभ पूर्वीएवढीच. मऊ टाळू पूर्वीएवढाच, तो मागं घशात लोंबतो आणि श्वासाच्या तोंडावर येतो. नाकपुड्या दोन फटींसारख्या बारीक. नाकात कुत्र्याला हाडांच्या पातळ वळ्या असतात, पानांच्या गुंडाळीसारख्या. त्या दाटीवाटीनं कोंबल्या जातात आणि वाट अडवतात. काहींची, विशेषतः बुलडॉगची, श्वासनलिकाही अरुंद असते. इतक्या अडथळ्यांतून हवा ओढायची तर जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं जोर लावला की घशातली त्वचा आत ओढली जाते, सुजते, वाट आणखी बंद होते. या सगळ्याला मिळून एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, त्याची अक्षरं जोडून डॉक्टर 'बोआस' म्हणतात. आपल्या भाषेत आधीपासून शब्द आहे: नाकी नऊ.

घोरणं, फुरफुरणं, जेवताना ठसका लागणं, जेवण उलटून पडणं, झोपेत दचकून उठणं, बसल्या बसल्या झोपणं किंवा तोंडात खेळणं धरून झोपणं, हे सगळं त्यातच येतं. खेळणं का? तोंड उघडं राहावं म्हणून. आडवं पडलं की गुदमरतं, एवढाच त्याचा अर्थ. लोक त्याचे व्हिडिओ काढतात, कौतुकानं एकमेकांना पाठवतात. इंग्लंडमध्ये २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या कुत्र्यांना हा श्वासाचा विकार होता त्यांच्याच मालकांना विचारलं, तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे का? निम्म्याहून अधिक, ५८ टक्के मालक म्हणाले, नाही. ते खोटं बोलत नव्हते. या जातीचं कुत्रं असंच असतं, अशी त्यांची समजूत होती. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट हीच आहे. दुःख नेहमीचं झालं की ते स्वभाव म्हणून गणलं जातं.

श्वासाखेरीज इतरही आहे. डोळ्यांच्या खोबण्या उथळ, म्हणून डोळे बाहेर. पापणी पुरती मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, खरचटतं, त्यावर फूल पडतं. मानगूट जोरात धरली किंवा दुसऱ्या कुत्र्यानं झडप घातली तर डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. सॉक्रेटिसच्या डोळ्याला बाजूचं दिसत असेल, याच्या डोळ्याला बाजूचं लागतं. चेहऱ्याच्या घड्यांत ओल राहते, खाज सुटते, वास येतो. दात ४२ च, पण जबडा अर्धा. मग ते वाकडेतिकडे उगवतात आणि किडतात. वळलेल्या शेपटीच्या जातींत पाठीच्या मणक्यांतही दोष आढळतात, मागचे पाय लटपटतात. डोकं मोठं, कमर अरुंद, म्हणून वितानाही अडतं. इंग्लंडमधल्या एका पाहणीत बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगच्या ८० टक्क्यांहून जास्त वेती शस्त्रक्रियेनं करावी लागलेली आढळली. जी जात आपल्या पोटची पिल्लं आपण होऊन जन्माला घालू शकत नाही, तिला जात म्हणायचं की वस्तू, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

आणि आता माणकडे येऊ, कारण इथला प्रश्न उन्हाचा आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकतं, जीभ, घसा आणि नाकातल्या त्या वळ्यांवरून हवा फिरते, ओल उडते, रक्त गार होतं. नाक हा कुत्र्याचा माठ आहे म्हणा ना. कुत्र्याच्या अंगातली नेहमीची उष्णता साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट, म्हणजे ३८-३९ अंश सेल्सिअस. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीला टेकतो. बाहेरची हवाच अंगापेक्षा तापलेली असली, की अंगातली उष्णता नुसती बाहेर टाकता येत नाही, ओल उडवूनच काय ते गार व्हायचं. माणची हवा कोरडी, मेंढवाड्यातल्या लांब नाकाच्या कुत्र्याला ती उपयोगी पडते. पगचा माठच फुटका. तो जोरात धापा टाकतो, धापा टाकण्याच्या श्रमानं आणखी तापतो, घसा सुजतो, वाट बंद होते. २०२० साली इंग्लंडमधून मोठा अभ्यास आला, लाखो कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदींवरचा. उष्माघाताचा धोका लॅब्राडॉरच्या मानानं बुलडॉगला १४ पट, फ्रेंच बुलडॉगला ६ पट, पगला ३ पट. हे इंग्लंडच्या उन्हातलं! तिथं २५ अंश झाले तर लोक समुद्रावर जातात.

डार्विनची एक नोंद इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८३३ साली तो दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वेच्या बाजूला हिंडत होता. तिथं त्याला 'नियाटा' नावाची गुरं दिसली. बुलडॉगसारखं तोंड, नाक वर वळलेलं, खालचा जबडा पुढं, ओठ मिटत नाहीत. हिरवं गवत असलं की ती इतर गुरांसारखीच चरत. पण दुष्काळ पडला की बाकीची गुरं झाडाच्या डहाळ्या, वेताची पानं ओरबाडून जगत. नियाटाला ओठ जुळवून डहाळी ओढताच येत नसे. माणसानं हातानं चारा दिला नाही तर तीच आधी मरत. डार्विननं त्यावरून काढलेला निष्कर्ष असा, की सुकाळात जनावराकडे बघून त्याचं कुठलं अंग त्याला मारणार आहे हे आपल्याला कळत नाही. पुढं ती गुरं नामशेष झाली. माणमधल्या माणसाला याचं स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. ७२ चा दुष्काळ आठवणारे इथं बसले असतील, २०१२-१३ च्या छावण्या तर तरुणांनाही आठवतात. सुकाळ हा अपवाद आहे असं गृहीत धरून इथलं खिल्लार आणि इथलं मेंढरू घडलं. पग घडला तो एअर कंडिशनर चालूच राहील असं गृहीत धरून, आणि इथं तर वीज जाते.

तो आपल्याकडे आला कसा, तेही थोडं. पूर्वी संस्थानिकांकडे, साहेबांकडे असत. सर्वसामान्य घरात पग शिरला तो २००३ नंतर, हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे. लहान मुलगा पुढं, पग मागं. २००७ साली हचची व्होडाफोन झाली तरी कुत्रं तेच राहिलं. इमान हा गुण दाखवायला पग निवडला, याची मला मौज वाटते. कारण जाहिरातीत तो जे करताना दिसतो, मुलाच्या मागं गावभर हिंडणं, तेच या जातीला जड जातं. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबानं मे महिन्यात पुण्याहून म्हसवडला येताना पग बरोबर घेतला होता. वाटेत जेवायला थांबले, गाडी झाडाखाली होती, काच चार बोटं उघडी होती, अर्धा तासच गेला. परत आले तेव्हा कुत्रं गेलेलं होतं. सावली सरकते, एवढंच घडलं होतं.

परदेशात आता उलटी हालचाल सुरू आहे. २००८ साली बीबीसीनं जातिवंत कुत्र्यांच्या आजारांवर फिल्म दाखवली, गदारोळ झाला, आणि २००९ मध्ये केनेल क्लबनं बुलडॉगसकट अनेक जातींची लेखी वर्णनं बदलली. नेदरलँड्सनं अगदी मोजपट्टीच आणली: थोबाडाची लांबी कवटीच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्याची पैदास करायची नाही. नॉर्वेत प्रकरण कोर्टात गेलं. २०२२ च्या जानेवारीत ओस्लोच्या न्यायालयानं बुलडॉगच्या पैदाशीविरुद्ध निकाल दिला, वरच्या न्यायालयानं त्याच वर्षी तो बुलडॉगपुरता फिरवला. आपल्याकडे २०१७ चे कुत्रा-पैदास नियम आहेत. पैदास करणाऱ्यानं नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, कुत्रीला जन्मात पाचाहून अधिक वेती नकोत. नियम बरे आहेत. नाकाचं मोजमाप त्यात नाही, आणि ऑनलाइन पिल्लू विकणाऱ्याकडे नोंदणी विचारणारा गिऱ्हाईकही फारसा नाही.

आपण परक्या जातीबद्दल बोलतोय म्हणून निर्धास्त राहू नका. जतकडची माडग्याळ मेंढी सगळ्यांना माहीत आहे. तिचं नाक बाकदार, पोपटाच्या चोचीसारखं. आटपाडीच्या बाजारात माडग्याळ नराला लाखांनी भाव मिळतो. २०२० साली एकाला ७० लाखांची मागणी झाल्याची बातमी देशभर छापून आली. माडग्याळ मेंढरू उंच आहे, लवकर वाढतं, दुष्काळात टिकतं, म्हणून ते मोलाचं. पण किंमत आता नाकाच्या बाकाला लागायला लागली आहे. बाक जितका जास्त तितका भाव जास्त, हे वाक्य आणि 'नाक जितकं आखूड तितकं छान' हे वाक्य सख्ख्या बहिणी आहेत. अजून ते मेंढरू रानात चरतं, त्यामुळे त्याला लगाम आहे. दहिवडीला शेळी-मेंढी प्रक्षेत्र आहे, तिथल्या जाणकारांना विचारा, नर निवडताना ते आधी काय बघतात.

शेवटी, ज्यांच्या घरात पग किंवा बुलडॉग आहे त्यांचं काय? तो जीव आलेला आहे, त्याला सुखानं ठेवणं आपल्या हातात आहे. गळ्यात पट्टा घालू नका, छातीला बसणारा घाला. वजन वाढू देऊ नका. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, कारण घशातली चरबीही वाट अडवते. उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री फिरवा, दिवसा अजिबात नाही, आणि गाडीत एकटं ठेवायचं नाही म्हणजे नाही. चेहऱ्याच्या घड्या रोज ओल्या कापडानं पुसून मग कोरड्या करा. डोळा लाल झाला, मिचकावू लागला, की त्याच दिवशी दवाखाना. उद्यावर टाकलं तर डोळा जातो. डोळा बाहेर आलाच तर आत ढकलू नका, स्वच्छ ओला कपडा हलका धरून तसंच घेऊन जा. घोरणं वाढलं, थोड्या चालण्यानं खाली बसायला लागलं, जीभ जांभळी दिसली, तर नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया होते. ती लवकर केली तर गुण चांगला येतो. आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईला परळचं तर १८८६ पासूनचं आहे. अशा ठिकाणी सल्ला घ्या. कुठल्याही भुलीच्या आधी डॉक्टरांना श्वासाचं सांगा. आणि त्याची पिल्लं काढू नका. लोक म्हणतात, एकदा तरी होऊ द्या, तिलाही आई व्हावंसं वाटत असेल. तिला काय वाटतं ते मला सांगता येणार नाही. पिल्लांना श्वास घ्यावासा वाटतो, एवढं मात्र नक्की.

उष्माघात झाला, कुत्रं लडखडलं, लाळ गळायला लागली, तर आधी पाणी, मग गाडी. सावलीत न्या, नळाचं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा किंवा पुठ्ठ्यानं वारा घाला, आणि मग दवाखान्याकडे निघा, वाटेतही वारा चालू ठेवा. ओलं फडकं अंगावर पांघरून ठेवू नका, आत वाफ कोंडते. शुद्धीवर असलं तर थोडं पाणी पिऊ द्या, बळजबरीनं तोंडात ओतू नका.

माझं बोलणं झालं. मागं बसलेल्या बाईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून प्रश्न घेऊ या.